तुमची सासू कोण?

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत मंडळाचा दणका गणपतीत असतो, पण माझा जीव भोंडल्यात. नवरात्रातल्या एखाद्या शनिवारी पार्किंगमधल्या गाड्या हलवायच्या, मधोमध पाट मांडून त्यावर रांगोळीने हत्ती काढायचा. सोंड हमखास पाटाबाहेर जाते, मग पोरी ती बोटाने पुसून आत घेतात.

पूर्वी सूर्य हस्त नक्षत्रात गेला की सोळा दिवस भोंडला चाले. पहिल्या दिवशी एक गाणं नि एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, असं चढत जायचं. आम्ही सगळं एका संध्याकाळी उरकतो. गाण्यांतला ठसका मात्र तोच. माहेरी निघालेल्या सुनेला सासू आधी कारल्याचं बी पेरायला लावते. मग वेल, मग फूल, मग कारलं, मग भाजी! एरवी सासूपुढे ब्र काढायची सोय नसलेल्या पोरी तिच्या देखत टाळ्या वाजवत तिची टिंगल करायच्या. रागवायचं कुणावर? गाणंच तसं.

आमच्यातली एक शेजारीण शाळेत समुपदेशक आहे. एका वर्षी तिने मुलांना सांगितलं, तुमची सासू कोण ते ठरवा आणि गाणं रचा. आधी नुसतीच खिदळाखिदळी झाली. मग पाचवीतल्या चौघींनी फेर धरला. खेळायला जाऊ का? विचार बाबांना. बाबा म्हणतात, विचार आईला. आई म्हणते, विचार गणिताच्या सरांना. सर म्हणतात, घटक चाचणी होऊ दे. चाचणी झाली तर आजी म्हणते, अंधार पडला! खुर्च्यांवरचे आईबाप पोट धरून हसले आणि मग हळूच एकमेकांकडे बघायला लागले.

पुढच्या वर्षी कार्यकारिणीने उत्कृष्ट गाण्याला बक्षीस ठेवलं आणि मजाच गेली. सगळी गाणी आयांनी लिहिलेली, पाणी वाचवा, झाडे लावा. ते बक्षीस बंद केलं हे फार बरं झालं.

फेरात न येणाऱ्या मुलांसाठी शेजारीण कागद-पेन्सिल घेऊन जिन्यात बसते. डोनाल्ड विनिकॉट नावाचे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक लहान मुलांशी रेघोट्यांचा एक खेळ खेळत, तोच हा. आपण एक वेडीवाकडी रेघ ओढायची, समोरच्याने तिचं काहीतरी करायचं, मग त्याने ओढायची. ‘तुला काय वाटतंय’ असं विचारायचं नाही, अशी तिची आम्हाला ताकीद. आजोबा नुकतेच गेलेला एक मुलगा एकदा माझ्यासमोर होता. माझ्या पहिल्या रेघेची त्याने काठी केली, दुसरीची कवळी. ‘रात्री वाटीत असायची,’ म्हणाला, आणि मग जो सुटला तो खिरापतीचा डबा कानाशी हलवून ओळखायची वेळ झाली तरी थांबेना.

गेल्या वर्षी तळमजल्यावरच्या आजींनीही गाणं रचलं. सून हिंजवडीहून नऊला येते, रिमोट नातवाच्या हातात, चहाचं विचारू कुणाला? सून फेरात शेजारीच होती. तिने तिथल्या तिथे उत्तराचं कडवं जोडलं, आणि खिरापत वाटून होईपर्यंत दोघी भांडत राहिल्या, चालीत.