भांडखोर कुत्र्यासाठी नीट बसणारं मझल : माझा अनुभव

आमचा काळू गावठी आहे. माणसांशी त्याचं कधीच वाकडं नाही, पण दुसरं कुत्रं दिसलं की अंगावर धावतो. सोसायटीच्या कमिटीने अट घातली की लिफ्टमध्ये मझल, म्हणजे चावू नये म्हणून तोंडावर चढवायची मुसकी, हवंच. अॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव कुत्र्याला लिफ्ट बंद करता येत नाही आणि मझलची सक्तीही करता येत नाही. तरीही मी वाद घातला नाही. कुत्र्यांवर धावणाऱ्या कुत्र्याला मझलची सवय असलीच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. मनस्ताप झाला तो पुढे, ते विकत घेताना.

बहुतेक दुकानांत पहिल्यांदा हातात ठेवतात ते नायलॉनचं नळकांडं. त्यात कुत्र्याचं तोंड बंद राहतं. कुत्रं अंग थंड ठेवतं ते तोंड उघडून, धापा टाकून; पंजांच्या गाद्यांतून येणारा घाम त्यासाठी पुरत नाही. एप्रिल-मे महिन्यात असं तोंड बांधून फिरवलं तर उष्माघात होऊ शकतो. इंजेक्शन देताना किंवा नखं कापताना दोन-चार मिनिटं ते ठीक. फिरायला नेताना अजिबात नाही. हे काउंटरवर सांगितलं की उत्तर मिळतं, ‘सगळे हेच नेतात.’ याचा मला आजही राग येतो.

हवं असतं ते जाळीचं, टोपलीसारखं मझल. त्यात कुत्र्याला जीभ बाहेर काढता येते, पाणी पिता येतं, फटींतून खाऊ घेता येतो. पण खोक्यांवर मापाऐवजी जाती लिहिलेल्या: पग, लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड. गावठी कुत्र्याचं मुस्कट लांब आणि अरुंद. लॅब्रेडॉरचं मझल लांबीला जमतं, पण रुंदीला ढिलं पडतं, वर सरकून डोळ्यांना घासतं आणि पंजाने एका झटक्यात निघतं. ‘वजन सांगा’ असंही विचारतात. वजनावरून मुस्कटाचं काहीच कळत नाही. आणि एकदा घालून पाहिलं, लाळ लागली, की परत घेत नाहीत. म्हणून शिंप्याची टेप घेऊन जा आणि टोपली आतून मोजा.

घरी चार मापं घ्या. नाकाच्या टोकापासून डोळ्यांच्या साधारण १ सेंटीमीटर आधीपर्यंतची लांबी. तोंड मिटलेलं असताना, डोळ्यांच्या थोडं पुढे मुस्कटाचा घेर. कानांमागून मानेचा घेर. चौथं माप बहुतेक जण विसरतात आणि तेच सगळ्यांत महत्त्वाचं: धापा टाकताना नाकाच्या हाडापासून खालच्या जबड्यापर्यंतची उंची. तोंडात टेनिसचा चेंडू धरलेला असताना हे माप सहज मिळतं. टोपलीची आतली लांबी मुस्कटापेक्षा साधारण १ सेंटीमीटर जास्त हवी आणि आतली उंची त्या उघड्या तोंडाएवढी. मानेचा पट्टा अगदी कानांमागे, एक बोट आत जाईल इतका घट्ट. कपाळावरून जाणारा आणखी एक पट्टा नसेल तर ते मझल घेऊच नका. मझलच्या आत, नाकाच्या हाडावर टेकणाऱ्या जागी फेल्ट (जाड, मऊ कापड) चिकटवलं तर घासत नाही आणि थोडी रुंदीही भरून निघते.

आणल्या दिवशी तोंडाला चढवू नका. टोपलीच्या आत आंबट नसलेलं घट्ट दही लावा आणि त्याला आपणहून नाक घालू द्या. पीनट बटर वापरलंत तर त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) नाही ना ते पाहा, ते कुत्र्याला विषारी असतं. नाक मजेत आत राहू लागलं की पट्टा मानेवर नुसता टेकवा, मग एक सेकंद लावा, मग घरातच पाच मिनिटं. पंजाने ओढायला लागला तर एक पायरी मागे या. दोन-तीन आठवडे धरून चाला.

मझलने स्वभाव बदलत नाही. गल्लीतली कुत्री अंगावर आली तर मझल घातलेल्या कुत्र्याला स्वतःचा बचावही करता येत नाही, त्यामुळे मझल आहे म्हणून जवळून नेऊ नका. खरं काम अंतराचं. समोरचं कुत्रं दिसतंय आणि तरी आपला कुत्रा हातातला खाऊ घेतोय, एवढं लांब उभं राहा. कुत्रं दिसलं की लगेच उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे एकामागून एक. कुत्रं नजरेआड झालं की खाऊ बंद. क्रम उलटा करू नका. आधी खाऊ दाखवला तर खाऊ हीच धोक्याची खूण ठरते. तोंड मिटणं, अंग ताठणं, नजर खिळणं, खाऊ बोटांसकट ओढणं, ही भुंकण्याच्या आधीची लक्षणं. ती दिसली की ‘चल’ म्हणून वळा. हे वळणं आधी रिकाम्या रस्त्यावर पक्कं करून घ्या. एकदा जोरात भडकला की त्या दिवशी शिकवणी बंद. अंगातला ताण उतरायला बराच वेळ लागतो.

चिकन उकडताना कांदा-लसूण नको, दोन्ही कुत्र्याला अपायकारक. लांबत जाणारा पट्टा नको, सहा फुटांचा साधा घ्या, आणि छातीवर कडी असलेला हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी अंगाभोवती बसणारा पट्टा. गळा आवळणारी साखळी किंवा काट्यांचा पट्टा तर नकोच. कुत्रं दिसलं की गळ्याला दुखतं, एवढंच तो शिकतो आणि आणखी चिडतो.

हा स्वभाव मोठ्या वयात अचानक दिसू लागला असेल तर सगळ्यांत आधी डॉक्टरांकडून कान, दात, सांधे आणि थायरॉइड तपासून घ्या. दुखणारं कुत्रं जवळ येऊ देत नाही.

भांडण जुंपलंच तर तोंडांच्या मध्ये हात घालू नका. पाणी ओता, मध्ये छत्री उघडा; दोघं जण असाल तर एकेका कुत्र्याचे मागचे पाय उचलून मागे ओढा. हाताला दात लागला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखान्यात जा.