पीएल-२५९ ने खाल्लेले तीन रविवार

रेडिओची अँटेना सकाळी चढवली, तिची आरजी-२१३ केबल (मधोमध तार, भोवती प्लास्टिक, त्यावर तारांची जाळी) दुपारपर्यंत खोलीत आली. त्यानंतर तीन रविवार गेले ते अंगठ्याएवढ्या एका कनेक्टरपायी.

रेडिओच्या मागे एसओ-२३९ सॉकेट, म्हणून केबलला त्यात बसणारा पीएल-२५९ कनेक्टर लावायचा. मधली तार पिनमध्ये चटकन बसली. घोडं अडलं ते जाळीपाशी. कनेक्टरच्या अंगावरच्या चार भोकांतून सोल्डर आत सोडून जाळी पकडायची असते. माझी सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटची. पितळी अंग सगळी उष्णता पिऊन टाकत होतं आणि सोल्डरचे मणी वरून घरंगळत होते. मी नेट धरून टेकवून ठेवली, तर मधल्या तारेभोवतीचं पॉलिथिलीन मऊ पडलं, तार एका बाजूला सरकली आणि जाळीला चिकटली. मल्टीमीटर लावला तर बझर वाजतच राहिला, म्हणजे शॉर्ट. कनेक्टर कापून टाकला.

दुसऱ्या रविवारी शॉर्ट नव्हता, पण जोड ड्राय होता, म्हणजे सोल्डर नीट धरलंच नव्हतं. केबल हलवली की एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचं माप, जितकं कमी तितकं बरं) दीडवरून चारवर उडी मारायचा. तेव्हा खरंच रडकुंडीला आलो होतो.

तिसऱ्यांदा भोकांभोवतीचं निकेल कानशीने घासून पितळ उघडं केलं, फ्लक्स लावला आणि १०० वॅटची इस्त्री पूर्ण तापू दिली. भोकाला टेकवताच सोल्डर पाण्यासारखं आत गेलं. थंड झाल्यावर केबल जोरात हलवली. एसडब्ल्यूआर मीटरचा काटा जागचा हलला नाही. काय सुटल्यासारखं वाटलं!

कनेक्टरची फिरकी (सॉकेटवर आवळायची बाहेरची कडी) आधी केबलवर ओवा, मगच सोलायला घ्या. सोल्डर झाल्यावर ती मागून घालता येते, पण त्यासाठी केबलचं दुसरं टोक मोकळं लागतं.

या कनेक्टरला यूएचएफ म्हणतात, पण ते नाव ३० मेगाहर्ट्झच्या वर सगळंच यूएचएफ समजलं जायचं तेव्हाचं. त्याचा इम्पीडन्स (रेडिओ लहरींना होणारा विरोध, ओहममध्ये) एकसारखा नसतो. १४५ मेगाहर्ट्झवर चालतो, ४३५ वर मी वापरणार नाही. शिवाय त्यात पाणी शिरतं. म्हणून अँटेनाच्या टोकाला मी एन-टाइप कनेक्टर लावला: आत रबरी वॉशर, ५० ओहम कायम. महाग पडतो, पण पावसात उघडा राहणार असेल तर दुसरा विचार करू नका.

कॅमेऱ्याच्या व्हिडिओ केबलला क्रिम्पचा (सोल्डरऐवजी पक्कडीने दाबून बसवायचा) बीएनसी कनेक्टर घेतला. पाव फेरा फिरवला की बसतो, ओढला तरी सुटत नाही. ऑडिओ-व्हिडिओच्या साध्या आरसीए प्लगमध्ये मात्र मधली पिन बाहेरच्या कड्याच्या (ग्राउंडच्या) आधी टेकते, म्हणून चालू ॲम्प्लिफायरला जोडताना खाडकन आवाज येतो. बीएनसी ५० आणि ७५ ओहम अशा दोन्ही जातींचा मिळतो आणि ते एकमेकांत बसतात, तेव्हा व्हिडिओसाठी ७५ चाच मागून घ्या. एन-टाइपला मात्र ही सवलत नाही: ५० ची जाड पिन ७५ च्या सॉकेटमध्ये घातली की आतली पाकळी कायमची फाकते.