तुम्ही विचारलंत म्हणून : रोलचा कॅमेरा अजून कशासाठी?

"भाऊ, हातात मोबाईल असताना रोलच्या या कॅमेऱ्यावर पैसे का घालवता?" हा प्रश्न मला बाजारात, लग्नाच्या मांडवात आणि सासुरवाडीतही विचारला जातो, म्हणून एकदा नीट उत्तर देतो.

माझा ऑलिंपस ट्रिप ३५ मूळचा काकांचा. १९६७ साली बाजारात आलेल्या या कॅमेऱ्याला सेल लागत नाहीत. भिंगाभोवतीच्या सेलेनियमच्या कड्यावर जो उजेड पडतो, त्यावरच त्याचे सारे चालते, आणि उजेड अपुरा असला की डोळ्यासमोर लाल पट्टी येऊन बटण दाबलेच जात नाही. ओसरीत तो अडतो, वावरातल्या उन्हात नाही. जुनेपणाचा सोस मात्र मला नाही. आत्याचा ११० नावाच्या छोट्या मापाच्या रोलचा, खिशात मावणारा कॅमेरा मी वापरत नाही, कारण त्याची निगेटिव्ह अवघी १३ बाय १७ मिलिमीटरची. १२६ या दुसऱ्या जुन्या मापाचे तर रोलच बनत नाहीत. ३५ मिलिमीटरचा रोल अजून मिळतो आणि त्यावरचे चित्र २४ बाय ३६ मिलिमीटरचे येते.

मोबाईल बिघडला की फोटो जातात, निगेटिव्ह पेटीत राहते, असे मी पूर्वी ठासून सांगत असे. आता तसे सांगवत नाही.

कापसाच्या पहिल्या वेचणीला, सीतादहीच्या पूजेच्या वेळी, मी कृष्णधवल रोल भरला होता. डोक्यावरचा पदर सावरत आई पऱ्हाटीच्या बुडाशी दहीभात ठेवत होती. रोल शहरातल्या एका लॅबकडे धुवायला पाठवला आणि पाकिटावर 'ब्लॅक अँड व्हाइट' असे ठळक लिहिले. परत आली ती काचेसारखी कोरी पट्टी. कॅमेराच बिघडला असेल, असे सगळे म्हणाले. मी पट्टी खिडकीशी धरून पाहिली, तर कडेचे आकडेही नव्हते. ते आकडे कारखान्यातच फिल्मवर उमटवलेले असतात. शटर एकदाही उघडले नसते, तरी रोल नीट धुतल्यावर ते दिसलेच असते. म्हणजे माझा रोल रंगीत रोलच्या रसायनांत घातला गेला होता. रंगीत फिल्ममध्ये चित्र रंगद्रव्यांचे उरते आणि चांदी मुद्दाम काढून टाकतात. कृष्णधवल फिल्ममध्ये चांदी हेच चित्र असते. लॅबने नवा रोल देऊ केला. आई पुढच्या वेचणीपर्यंत राहिली नाही.

"तेव्हा मोबाईलवर एखादा काढून ठेवला असता तर?" असे तेरवीला एकाने विचारले, आणि त्याचे म्हणणे चूक होते असे मी आजही म्हणू शकत नाही. पण आईचे मोबाईलवरचे फोटो आहेत की! बहुतेकांत ती काम थांबवून, अवघडून समोर पाहते. रोलवर फोटो काढताना मी उजेड पाहून, अंतराची खूण लावून थांबत असे, आणि तोवर ती पुन्हा आपल्या कामाला लागलेली असे. मला ती आई हवी होती.

आता कृष्णधवल रोल मी घरीच धुतो. डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारे रसायन, २० अंशांवर लागतो आणि आमच्याकडे उन्हाळ्यात टाक्यातले पाणी चटके देते, म्हणून माठातले पाणी घेतो. तेही तेवढे गार नसते, तेव्हा तक्ता पाहून रोल रसायनात ठेवण्याचा वेळ कमी करतो. रंगीत रोल मात्र बाहेरच पाठवावे लागतात. पुतणीच्या लग्नात कोणता रोल भरावा, की तिथे मोबाईलच काढावा, हे माझे अजून ठरलेले नाही.