यादीत न बसलेला मुलगा

एलएल.बी. करताना हुसैनारा खातून खटला वाचला आणि मी या वाटेला लागले. वर्तमानपत्रातले लेख वाचून पुष्पा कपिला हिंगोराणी यांनी बिहारच्या कच्च्या कैद्यांसाठी १९७९ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं होतं. वकिलीची सनद मिळाल्यावर आपणही तेच करणार, असं वाटायचं. सीनियरनी मात्र रोजनामे, म्हणजे खटल्यात कोणत्या तारखेला काय झालं त्याच्या कोर्टातल्या नोंदी, वाचायला आणि नकलांचे अर्ज करायला बसवलं. तेव्हा भारी राग यायचा.

त्या दिवशी मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणातर्फे तुरुंगात गेले होते. हातात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ खाली सुटू शकणाऱ्या कच्च्या कैद्यांची यादी. पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, की त्याला बंधपत्रावर सोडायचं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून. समोरच्या मुलावर राहत्या घरातल्या चोरीचा आरोप, कमाल शिक्षा ७ वर्षं. म्हणजे २ वर्षं ४ महिने भरायला हवेत. त्याचे भरले नव्हते. पुढचं नाव पुकारणार, तेवढ्यात तो म्हणाला, "मॅडम, जज साहेब तर म्हणाले होते, सोडतो. मग कधी सोडणार?"

केस नंबर त्याला तोंडपाठ होता. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर रोजनामा उघडला. जामीन कित्येक महिन्यांपूर्वीच मंजूर! अट एकच, स्थानिक जामीनदार. मुलगा परराज्यातला, इथे ओळखीचं कुत्रं नाही. जामीनदार आणणार कुठून? आधीच्या वकिलांनी आदेश घेतला आणि विषय संपवला. तुरुंगात कुणी विचारलं नाही, कारण कागदोपत्री सगळं रीतसर होतं.

दुसऱ्या जिल्ह्यातला जामीनदार म्हणून नाकारू नका, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच मोतीराम खटल्यात सांगितलंय. मोतीराम बिचारा गवंडी होता, त्याच्याकडे १० हजारांचा जामीनदार मागितला होता. शिवाय सर्वोच्च न्यायालयाचेच जानेवारी २०२३ चे निर्देश आहेत: महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं.

याचिका वगैरे काही नाही, अर्ध्या पानाचा अर्ज टाकला. सरकारी वकील म्हणाले, "पळून जाईल." न्यायाधीशांनी आदेशाची तारीख पाहिली, पुन्हा पाहिली, आणि जामीनदाराशिवाय, नुसत्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं.

सोबतची इंटर्न बाहेर येताच म्हणाली, "मॅडम, यावर पीआयएल, जनहित याचिका करूया ना." करू की. पण आधी तुरुंगाकडून जामीन होऊनही आत असलेल्यांची नावं मागव म्हटलं, आणि प्रत्येकाचा रोजनामा काढ.