तुम्ही विचारलंत म्हणून: राज्यशास्त्रच का?

"बी.ए.ला राज्यशास्त्र? मग निवडणुकीला कधी उभी राहतेस?" गोव्यात, आमच्या डिचोलीत, ओळखीचं कुणी भेटलं की हाच प्रश्न. उभी राहणार नाही. मार्क कमी पडले म्हणूनही घेतलं नव्हतं, बारावीला चांगले होते. हे सांगताना माझा आवाज चढतो, मला कळतं.

खरं कारण आजोबा. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा, यावरच्या १९६७च्या जनमत कौलात ते विलीनीकरणासाठी, फुलाच्या निशाणीसाठी, घरोघर फिरले होते. आमच्या घरात बोलणं कोकणीतून आणि पत्र मराठीतून. हे असं का, ते मला समजून घ्यायचं होतं.

तिसऱ्या वर्षी प्रकल्पाला तोच विषय घेतला. शिग्म्याच्या आदल्या आठवड्यात सोप्यावर बसून आजोबांना वाचून दाखवला. विलीनीकरणाविरुद्ध १,७२,१९१, बाजूने १,३८,१७०, फरक ३४,०२१. आकडे ते माझ्याआधीच म्हणत होते. मग माझं वाक्य आलं: 'विलीनीकरणाला पडलेली मतं मुख्यतः पक्षनिष्ठेची होती.' सुपारी कातरायची थांबली. अडकित्ता हातात तसाच उघडा.

"परत वाच."

वाचलं.

"म्हणजे आमकां मत नासलें?" आम्हांला स्वतःचं मतच नव्हतं?

मी संदर्भ सांगायला लागले. ते उठले, वहाणा सरकवल्या आणि कुळागरात, सुपारीच्या बागेत, गेले. रात्री जेवायला आले, बोलले नाहीत.

वाक्य मी तसंच ठेवलं. पुस्तकाचा आधार होता, मुदत दोन दिवसांवर होती. आजोबांना लागलं म्हणून निष्कर्ष बदलायचा तर शिकायचं कशाला, असं वाटलं होतं. अजूनही थोडं वाटतं.

पण त्याच प्रकल्पात चार पानांपुढे मीच लिहिलं होतं की जानेवारीत विलीनीकरण नाकारलेल्या गोव्याने मार्चात विलीनीकरण मागणाऱ्या, भाऊसाहेब बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्षालाच पुन्हा सत्तेवर बसवलं. म्हणजे पक्ष वेगळा आणि प्रश्न वेगळा, हे लोकांना कळत होतं. मग फुलावर शिक्का मारणाऱ्यांनाच तेवढं कळत नव्हतं, हे मी कशावरून ठरवलं? परीक्षकांनी विचारलं नाही. आजोबांनी विचारलं.

गेल्या चतुर्थीला वही घेऊन पुन्हा त्यांच्यापाशी बसले. कोणाकडे गेलात, काय सांगितलंत? तीन घरं त्यांनी सांगितली. चौथ्यापाशी अडले. "हे लिहू नको," म्हणाले. मी पेन खाली ठेवलं आणि ऐकलं.