आमची वाटचाल : वॉर्सातलं छोटं दुकान आणि पोलिश राजांचं सोनं

सुरुवातीला आम्ही सगळंच ठेवायचो, चांदी, पदकं, जुन्या नोटा, आणि लोक येऊन भाव विचारून निघून जायचे. मी मूळचा कोल्हापूरचा (दुसऱ्या महायुद्धात आमच्या वळिवड्याला हजारो पोलिश निर्वासित राहून गेले, त्यामुळे या देशाचं नाव घरात आधीपासून होतं), बायको इथलीच, तीच म्हणाली की एकच विषय धरूया आणि त्यातलं सगळं शिकूया. धरलं मग अठराव्या शतकातलं सोनं, म्हणजे पोलंडच्या राजांची सोन्याची नाणी. दुसरा ऑगस्टस, तिसरा ऑगस्टस आणि शेवटचा राजा स्तानिस्वाफ ऑगस्ट पोन्यातोव्स्की.

गंमत बघा, पहिले दोघं राजे सॅक्सनी या जर्मन राज्याचे, आणि पोलंडमधल्या टाकसाळी त्यांच्या आधीच बंद पडलेल्या, म्हणून पोलंडच्या राजाचं नाव असलेलं सोनं पडायचं सॅक्सनीतल्या ड्रेस्डेन-लाइपझिगला. १७५६ ला शेजारच्या प्रशियाचा राजा फ्रेडरिक याने सॅक्सनी घेतली, लाइपझिगची टाकसाळ हातात आली आणि त्याने ऑगस्टसच्याच नावाने कमी कसाची नाणी पाडून घेतली. आजही त्या काळातलं ऑगस्ट डोर (ऑगस्टसच्या नावाचं सोन्याचं नाणं) आलं की आम्ही आधी कस तपासणाऱ्या मशीनवर ठेवतो, मग बोलतो. तसं नाणं आम्ही विकतो, ते पण इतिहासच आहे ना, पण चिठ्ठीवर कस लिहूनच.

माझा जीव मात्र पोन्यातोव्स्कीच्या डुकाटवर, म्हणजे त्या काळच्या युरोपातल्या छोट्या सोन्याच्या नाण्यावर. याने १७६६ ला वॉर्सातच बिएलान्स्का रस्त्यावर टाकसाळ सुरू केली, स्वतःही मोठा नाणेसंग्राहक होता. एका डुकाटवर राजा चिलखतात उभा आहे, मागच्या बाजूला चौकटीत लॅटिन ओळी, अगदी डच डुकाटच्या वळणाचं, कारण तेव्हा बाजारात विश्वास डच नाण्यावर होता. आकार २१ मिलिमीटरच्या आसपास, वजन साडेतीन ग्रॅमला जरासं कमी, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या पुतळीच्या माळेतली व्हेनिसची पुतळी असते ना, साधारण तेवढंच.

आणि पुतळीसारखेच हे पण लोकांनी गळ्यात घातले, खरी मेख तिथेच आहे. मागच्या महिन्यात एक आजोबा असंच एक घेऊन आले, समोरून सुंदर, पण भिंगाखाली राजाच्या डोक्यावरच्या काठाला दाणे एकसारखे नव्हते, तिथलं सोनं जरा लालसर आणि मऊ दिसत होतं, म्हणजे कधीतरी कडी लावलेली, नंतर काढून जागा भरलेली. त्यांना तिथेच भिंगातून दाखवलं. वाईट वाटलं त्यांना, पण नाणं आमच्याकडेच विकायला ठेवलं. आमचा धंदा वाढला तो असाच, दुरुस्ती, घासलेला पृष्ठभाग, वाकलेला काठ, सगळं फोटोसकट लिहून देतो, त्यामुळे किंमत कमी येते पण माणूस परत येतो.

फार दुर्मिळ म्हणाल तर १७९४ चं, सेनानी कोशचुश्कोने रशियाविरुद्ध केलेल्या उठावाच्या वर्षातलं तीन डुकाटचं नाणं. पुढच्याच वर्षी देश नकाशावरून गेला, राजाने गादी सोडली. आम्ही ते विकलेलं नाही अजून, फक्त दुसऱ्याच्या संग्रहात हातात घेतलंय आणि त्यासाठी पैसे बाजूला टाकणं चालू आहे.

एकच सांगतो, घरात जुनं सोन्याचं नाणं असेल तर पॉलिश करू नका, तसंच दाखवा.