पान ११८

"सध्या काय वाचताय?" हा प्रश्न मला वजन विचारल्यासारखा वाटतो. आकडा ठाऊक असतो, पण सांगताना दोन किलो इकडेतिकडे होतातच.

खरं म्हणजे गेल्या आठवड्यापर्यंत मी एका जाडजूड कादंबरीचं पान ६२ वाचत होते. गणपतीत त्या पानावर पोचले, आता संक्रांतही झाली. पण हे सांगितलं तर समोरच्याने पुढे बोलायचं काय? म्हणून मी 'स्मृतिचित्रे' पुढे करते. "परत वाचतेय," म्हणते. लक्ष्मीबाई टिळकांनी मला अशा किती प्रसंगांतून सोडवलंय! 'परत' या शब्दात मोठी सोय आहे. पहिल्यांदा कधी वाचलं होतं, असं कुणी विचारत नाही. (वाचलंय हो. दोनदा. टिळकांच्या लहरीपणाबद्दल बाई इतक्या हसत लिहितात की आपल्या घरातली गाऱ्हाणी सांगायची लाज वाटते.)

रोज सकाळी ठाणे-वाशी गाडीत जागा मिळाली तर मी पुस्तक काढते, नाही तर शेजारणीच्या मोबाईलमध्ये डोकावते. आमच्या डब्यात सगळ्यात नेमाने वाचणाऱ्या एक काकू आहेत. ऐरोलीला चढतात, पर्समधून छोटी पोथी काढतात आणि कोपरखैरणे यायच्या आत मिटून कपाळाला लावतात. त्यांना कुणी विचारत नाही, सध्या काय वाचताय म्हणून. आणि त्याही कुणाला "हे वाचाच" असं सांगत नाहीत.

हे 'वाचाच' फार वाईट. त्यातला 'च' छातीवर बसतो. आमच्या मजल्यावरच्या एक ताई पुस्तक देतात आणि दुसऱ्या दिवसापासून लिफ्टमध्ये गाठतात. "कुठवर आलं? तो मरतो तिथपर्यंत आलं का?" आता तो मरतो हे कळल्यावर मी कशाला घाई करू?

पुस्तक सुचवावं आमच्या अण्णांनी. अण्णा म्हणजे माझे सासरे, ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचे जुने सभासद. ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं, 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणाऱ्या वि. ल. भाव्यांनी सुरू केलेलं. अण्णा हे सांगतात तेव्हा वाटतं, कपाटं लावायला हे स्वतः हजर होते. पण पुस्तकाला ते कधी 'अप्रतिम' म्हणणार नाहीत. एकदा मी गवार मोडत बसले होते. समोर येऊन म्हणाले, "आपल्या पेणकडचा एक भटजी. डोक्यावर कर्ज. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, म्हणून काकाबरोबर उत्तरेकडे निघाला. साल १८५७." एवढं बोलून चष्मा पुसत राहिले.

"मग?"

"मग काय. झाशीच्या वेढ्यात सापडला." आणि उठून गॅलरीत गेले.

गवार तशीच राहिली. वरसईच्या विष्णुभट गोडशांचं 'माझा प्रवास' मी त्या रात्री दीड वाजेपर्यंत वाचत होते. निघाला दक्षिणेसाठी, वाटेत लुटला गेला, आणि तरी आई-वडिलांसाठी गंगेची कावड घेऊन घरी पोचला! छापून आलेलं १९०७ साली, पण वाचताना वाटतं, कालच परतलेला माणूस ओटीवर बसून सांगतोय. अण्णांनी पुस्तकाचं नाव सांगितलं ते मी विचारल्यावर. तोवर नुसता माणूस अडचणीत टाकून ठेवला होता.

सुचवणारे आणखीही असतात, न दिसणारे. ग्रंथालयाच्या पुस्तकांत पेन्सिलीने लिहून जाणारे. हा अपराधच, पण मला तो आवडतो. एका प्रवासवर्णनाच्या समासात कुणी लिहिलं होतं, 'उगाच पाल्हाळ'. त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'आपणांस कुठे जायचे आहे?' त्या दुसऱ्या गृहस्थांनी सुचवलेलं काहीही मी डोळे मिटून वाचेन.

तर ती कादंबरी. ऑफिसातल्या अकाउंट्समधल्या साहेबांनी दिलेली, स्वतःची प्रत, वर खाकी कव्हर. नाव सांगत नाही. "मॅडम, वाचाच. माणूस बदलतो." आता जेवणाच्या सुट्टीत रोज नजरेने विचारणं चालू झालं होतं, म्हणून गेल्या रविवारी हट्टाने बसले. ६२ ओलांडलं, शंभरी गाठली. नायक अजून निर्णय घेत होता. पान ११८ उघडलं तर आत एक घडी केलेला कागद. केमिस्टचं बिल, चार वर्षांपूर्वीचं. इथवरची पानं थोडी मऊ, कोपरे दुमडलेले, एके ठिकाणी चहाचा डाग. पुढची सगळी कोरी करकरीत. दोन पानं तर कडेला एकमेकांना चिकटलेली, छापखान्यातून आली तशी.

सोमवारी कॅन्टीनमध्ये त्यांनी गाठलंच.

"काय मॅडम, झाली?"

मी कव्हरवरून हात फिरवत पुस्तक परत केलं. बिल होतं तिथेच ठेवलं होतं. "झाली," मी म्हटलं.

"शेवट कसला आहे ना!"

"हो ना," मी म्हटलं, "सुन्नच झाले."

त्यांनी समाधानाने मान डोलावली आणि विचारलं, "मग आता सध्या काय वाचताय?"

"स्मृतिचित्रे," मी म्हटलं. "परत."